तिची हमी मी घेतली

आमच्या वस्तीवर विहिरीजवळ पत्र्याची एक खोली आहे. आधी तिच्यात खताच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्या असायच्या. गावात एकामागून एक बंगले उभे राहायला लागले तेव्हा फरशी बसवणारा एक माणूस बायको आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आला, आणि माझ्या नवऱ्याने, आमच्या मालकांनी, त्याला ती खोली राहायला दिली. माणूस शांत होता. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही, असं लोक सांगायचे.

घरात तो बंगाली बोलायचा, पण त्याच्या आधारकार्डावर गडचिरोली जिल्ह्यातलं गाव होतं. त्याचे आजा-आजी एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी पलीकडच्या देशातून पळून आलेले. सरकारने त्यांना आधी कॅम्पात ठेवलं, मग जंगलाकडची जमीन कसायला दिली. हा तिथेच जन्मला, मराठी शाळेत शिकला. त्याच्या मराठीत 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' असं यायचं, त्याला आम्ही हसायचो.

बायको मात्र आपल्याकडच्या बंगालची, सरहद्दीच्या अलीकडच्या नदीकाठची. ती दुसरीत असताना नदीचा काठ खचून तिची शाळा पाण्यात गेली, मग घर गेलं. पुढे लग्न होऊन गडचिरोलीला आली. तिचं आधारकार्ड लग्नानंतर सासरी काढलेलं. त्याच्या आधीचा एकही कागद तिच्याकडे नव्हता. हे सगळं तिने मला कांदे लावताना सांगितलं. मी फार बोलणारी बाई नाही. चार बायका जमल्या की माझे शब्द घशातच राहतात. पण तिच्याशी मला बोलता यायचं. तिला मराठी अर्धी यायची आणि मला धीर अर्धा, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

तिचं खरं नाव आमच्या कुणाच्या तोंडात बसायचं नाही. संक्रांतीला मी तिला हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा बायका एकेक करून ते म्हणून बघायला लागल्या आणि हसून हसून पडल्या. ती पण हसली, पण नंतर खाली बघत बांगड्या फिरवत बसली. मला काय वाटलं कोण जाणे, मी आतून ताट आणलं, त्यात तांदूळ पसरले आणि बोटातल्या अंगठीने एक नाव लिहिलं. आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलीचं नाव असंच बदलतात. माझंही असंच बदललं होतं. नवी सून घरात आली की तिला घरातलं नाव मिळतं, आणि ते मिळालं की ती आपली झाली, एवढंच मला ठाऊक होतं. मी तिच्या कानात ते नाव तीनदा सांगितलं, सगळ्यांना साखर वाटली. त्या दिवसापासून वस्तीवर सगळे तिला त्याच नावाने हाक मारायला लागले. तीही ओ द्यायची.

पुढे तिची मुलगी अंगणवाडीत जायला लागली. सेविका एकदा बांधावरून जाताना मला म्हणाली, "त्या पोरीच्या आईचं नाव काय गं? रजिस्टरला लिहायचंय." मी नाव सांगितलं. मीच ठेवलेलं. सांगताना मला थोडा अभिमानही वाटला, हे मी लपवत नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने मोबाईलवर व्हिडिओ फिरायला लागले. कुठेतरी खोटी कागदपत्रं करून राहणारे लोक पकडले, कुठे त्यांना गाडीत घालून नेलं. दूधसंकलनाच्या तिथे सकाळी तेच बोलणं. मग पोलीस पाटील भाडेकरूंची माहिती भरायचे फॉर्म घेऊन घरोघर फिरले. आमच्या खोलीवर येऊन त्यांनी दोघांच्या आधारकार्डांचे फोटो काढले, मुलीचा जन्माचा दाखला मागितला आणि पडताळणी म्हणून अंगणवाडीत गेले. रजिस्टरमध्ये आईचं नाव वेगळं निघालं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, फरशीवाल्याची बायको खोट्या नावानं राहती.

सेविकेला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला सांगितलं ते मी लिहिलं." कुणी सांगितलं ते ती बोलली नाही. नोकरीला भ्यायली असेल. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनीही विषय काढला नाही. मी पण बोलले नाही. मी कशाला भ्याले, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

ऑगस्टच्या ग्रामसभेत बाहेरून आलेल्यांचा विषय ठेवला होता. आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा असते. आम्ही दहा-बारा जणी ग्रामपंचायतीच्या खोलीत सतरंजीवर बसलो होतो. पाण्याच्या टाकीचं झालं, बचत गटाचं झालं, मग विषय तिच्यावर आला. माझी मोठी जाऊ शेजारीच बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "आमच्या वस्तीवरच पाळलंय की ते! आमच्या धाकलीची तर मैत्रीन हाय. इचारा तिला, काय काय शिजतंय तिथं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. नाव मी ठेवलं, एवढेच तीन शब्द होते. मी सतरंजीची दशी ओढत राहिले. चहा आला, सह्या झाल्या, सगळ्या उठल्या.

घरी आले तर ती माझ्या ओट्यावर बसलेली. मुलगी मांडीवर. तिने सरळच विचारलं, "बोललीस, दीदी?"

"उद्या मोठी सभा हाय," मी म्हटलं.

"ते नाव तू दिला ना. मी मागितला नव्हता." तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती नुसतं आठवण करून देत होती. "मेरे आदमी का तो कागद आहे. माझाच नाही. ते लोक मला वेगळा नेईल, पोरीला वेगळा ठेवेल. एकदाच बोल तिथे. नंतर नको बोलू."

मी हो म्हटलं. त्या दिवशी माझ्या हातून भाकरी थापली जाईना. मालकांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं तर ते जाऊच देणार नाहीत, म्हणून सांगितलंच नाही.

सभा मंदिराच्या सभामंडपात भरली. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे खांबाजवळ. सरपंचबाई खुर्चीवर होत्या आणि त्यांचे मालक त्यांच्या शेजारी उभे राहून बोलत होते. पण त्या विषयावर पोलीस पाटील उठले.

"आमी काय कुनाच्या पोटावर पाय देत न्हाई," ते म्हणाले. "पन आपल्या गावात राहतोय तो मानूस कोन, कुठला, हे गावाला ठावं नको?"

एक तरुण मुलगा लगेच उभा राहिला. त्याचा थोरला भाऊ फौजेत आहे, सरहद्दीवर. "आदी चौकशी, मग राहू द्या. काय घडल्यावर चौकशी करनार व्हय?"

पुढच्या रांगेतले एक तात्या बसल्या बसल्या म्हणाले, "आरं, काय घडवायचं आसतं तर त्यानं माज्या संडासात येवढं मन लावून फरशी बसवली आसती का?"

सगळा मंडप हसला. तो मुलगा पण हसला, पण खाली बसला नाही. "तात्या, फरशी चांगली बसवली म्हंजी मानूस चांगला, आसं आसतंय व्हय? मग चोर कुनी चांगला सैपाक केला तर त्याला घरात ठिवाल?"

"चोराचं ठावं न्हाई, पन सैपाक चांगला आसंल तर इचार करीन. तुजी काकू कसं करती ते म्हाइती हाय तुला."

"घरला या, सांगते," बायकांतून काकूंचा आवाज आला. पुन्हा हशा. हशा ओसरला की मूळ विषय निघणार, म्हणजे माझी बोलायची वेळ मात्र जवळ येत होती.

मग निवृत्त गुरुजी उठले. त्यांनी हात वर केला तसे लोक गप्प झाले. "मी शाळेत शिकत होतो तेव्हा लाखो माणसं पलीकडून जीव मुठीत घेऊन आली," ते म्हणाले. "त्या वेळी पत्रावर त्यांच्यासाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. या गावातनं गेलेल्या पत्रांवरसुद्धा ते होतं. म्हणजे ह्या माणसाच्या आज्याला आपणच पोसलेलं आहे. मग आज नातवाला कुठला म्हणून विचारायचं?"

"गुर्जी, तवा घेतले ते घेतले," फौजीचा भाऊ म्हणाला. या वेळी तो हळू बोलला. "पन दार उघडं ठिवायचं ते कुठवर? उद्या कोनबी यील आन् म्हनंल, माजा आजाबी पळून आल्ता. माजा भाऊ तिकडं थंडीत रात-रात उभा ऱ्हातो, तो कशापायी?"

त्याची आई माझ्या पुढेच बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला. तो मुलगा खोटं बोलत नव्हता. गुरुजीही खोटं बोलत नव्हते. मला दोघांचंही पटत होतं आणि त्यामुळे आणखीच भीती वाटत होती.

पोलीस पाटील म्हणाले, "नवऱ्याचं जाऊ द्या. त्याचे कागद तरी हायेत. बाईचं काय? कार्डावर एक नाव, रजिस्टरात दुसरं. भल्या मानसाला दोन नावं कशापायी लागत्यात?"

मी उठले. कशी उठले ते आठवत नाही, खांबाचा गार दगड हाताला लागलेला आठवतो. "ते नाव मी ठेवलं," मी म्हटलं. कुणालाच ऐकू गेलं नाही. जाऊने पदर ओढला, "आगं, खाली बस, काय करतीस?"

"मी ठेवलं," मी पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज नको इतका मोठा निघाला. सगळ्यांच्या माना वळल्या. मालकही दुसऱ्या रांगेतून वळून बघायला लागले, त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "संक्रांतीला. ताटात तांदूळ घेऊन. अंगनवाडीतबी मीच सांगितलं. तिनं न्हाई सांगितलं. आपल्यात लगनात बदलत्यात तसं मी बदललं. माजंबी बदललेलं हाय. शाळेच्या दाखल्यावर येगळं, आधारला येगळं."

सरपंचबाईंचे मालक म्हणाले, "मग वहिनी, तुमालाबी पलीकडं धाडायचं का काय?"

हसण्याचा मोठा लोट आला. तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "माजं तर दोनदा बदललं. पयलं नाव सासूचंच निघालं म्हनून." आणि माझी जाऊ, जी पदर ओढत होती, ती बसूनच खेकसली, "हसायला काय झालं? तुमच्या बायकांची कोनती नावं ऱ्हायलीत मूळची?"

बायका कुजबुजायला लागल्या. मला वाटलं, झालं. पण पोलीस पाटील हसले नव्हते. त्यांनी हातातला फॉर्म खाली ठेवला आणि समजावून सांगतात तसं मला म्हणाले, "वहिनी, दुसरं नाव तुमी ठेवलं, हे कळलं. पटलंबी. पन पयलं नाव तरी तिचंच कशावरून? ती सांगती त्याच गावची कशावरून? तुमी बघितलंय तिचं म्हायेर?"

ती म्हणाली म्हणून, एवढंच माझं उत्तर होतं, आणि ते त्या मंडपात चालण्यासारखं नव्हतं.

"तिच्या म्हायेरच्या पोलीस ठाण्यातून चौकशीचा कागद येईस्तवर त्यांना ऱ्हाऊ द्यायचं आसंल तर कोनीतरी जबाबदारी घ्यायला पायजे," पाटील म्हणाले. "नेवाशाच्या ठाण्यातले साहेब मलाच इचारनार. तुमी घेता?"

"व्हय," मी म्हटलं. लोकांना वाटलं मी फार धीराची. खरं सांगायचं तर मला फक्त खाली बसायचं होतं.

त्यांनी ठराव लिहिला. कागद येईपर्यंत कुटुंबाने राहावं, न सांगता गाव सोडू नये, आणि माहिती देण्याची जबाबदारी माझी, असं त्यात होतं, हे मला नंतर कळलं. मी सही केली.

घरी आल्यावर मालक आधी गोठ्यात गेले. गाईंना चारा टाकून आले आणि दारातच उभे राहिले. "सही कशाची केलीस, ते वाचलं तरी का?"

"चौथीपरेंत शिकल्ये. वाचता येतं मला."

"मग काय लिहिलं हुतं?"

मी वाचलं नव्हतं. मालक कॉटवर बसले. "अंगनवाडीत ते नाव तूच दिलंस, ते मला सांगितलं न्हाईस, सभेत बोलनार ते सांगितलं न्हाईस. उद्या काय इपरीत निघालं तर पोलीस आपल्या दारात येतील. आपल्याला लेक हाय, तिचं लगीन व्हायचंय. येवढा तरी इचार?" ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

फरशीवाल्याची बायको मात्र त्या दिवशी वाटीभर खीर घेऊन आली. माझे हात धरून रडली. मला चांगलं वाटलं. ते चांगलं वाटणं आठ दिवस टिकलं.

नवव्या दिवशी पोलीस पाटलांचा फोन आला, "वहिनी, हायेत ना मानसं?" मी खिडकीतून बघून सांगितलं, हायेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. मग फोन यायच्या आधीच मी बघायला लागले. सकाळी त्यांच्या चुलीचा धूर दिसला की जीव भांड्यात पडायचा. दोरीवर मुलीचा फ्रॉक दिसला नाही की मी काहीतरी निमित्त काढून विहिरीकडे चक्कर मारायचे. तिचा नवरा कामाला कुठल्या गावात गेला, कधी येणार, हे मी विचारायला लागले. आधीही विचारायचे, पण तेव्हा उत्तर विसरून जायचे.

तिला ते कळलं. ती पिशवी घेऊन निघाली की आधी माझ्या दारात यायची. "दीदी, दुकानात चालली." "दीदी, दवाखान्यात चालली, तासाने येते." मी म्हणायचे, आगं, मला कशाला सांगतीस. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी परत सांगायला यायची. कांदे लावताना आता आम्ही कांद्याचंच बोलायचो. एकदा टेम्पोतून फरशीची खोकी उतरत होती आणि मला वाटलं सामान भरतायत. मी अनवाणी धावत गेले. ती खोक्याशेजारी उभी होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

चौकशीचा कागद काही आला नाही. पोलीस पाटील म्हणायचे, "तिकडनं उत्तर यायला येळ लागतो."

मग मागच्या पंधरवड्यात तिच्या भावाचा फोन आला. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. ती माझ्या दारात आली आणि या वेळी सांगितलं नाही, विचारलं. "दीदी, जाऊ?"

नवऱ्याचं एका बंगल्याचं काम अर्धं होतं, तो जाऊ शकत नव्हता. ती आणि मुलगी दोघीच जाणार होत्या, दोन दिवसांचा रेल्वेचा रस्ता. माझ्या डोक्यात एकदम सगळं आलं. ही गेली आणि आली नाही तर? वाटेत कुणी कागद मागितले तर? नदीच्या अगदी कडेला ते गाव, तिकडे तिलाच पलीकडची म्हणून धरलं तर? आणि साहेबांनी मला विचारलं तर? मी तोंड उघडलं आणि म्हटलं,

"जा. पन पोरीला ठेव इथं. मी बघीन. येवढ्या लांब कशाला तिला वढतीस?"

बोलल्यावर मला कळलं मी काय बोलले. तिलाही कळलं. तिने वाद घातला नाही. खोलीवर गेली. मी मागोमाग गेले तर ती पिशवीत भरलेले मुलीचे कपडे बाहेर काढत होती. थोडेच पिशवीत राहिले होते. मुलगी विचारत होती, हा फ्रॉक का नाही घेतला.

मी खाली बसले आणि बाहेरचे कपडे उचलून पिशवीत भरायला लागले. "घेऊन जा तिला," मी म्हटलं. "आजीला बघू दे." तिने माझ्या हातातला फ्रॉक घेतला, त्याची घडी नीट केली आणि पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर नेवाशाच्या स्टँडपर्यंत गेले. त्यांना नगरच्या गाडीत बसवलं, तिथून रेल्वे. गाडी सुटल्यावर मी पोलीस पाटलांना फोन केला. आधी नाही केला. "वहिनी, नवऱ्याला ठेवलंय ना मागं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो कामासाठी ऱ्हायलाय, ठेवलेला न्हाई. "तेच ते," ते म्हणाले. "आता तुमी आन् तुमचं नशीब."

मालकांना मात्र मी त्या दोघींना गाडीत बसवायच्या आधीच सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "परत आली तर बरं."

पोहोचल्याचा तिचा फोन आला होता. आई ओळखते, पण बोलत नाही, म्हणाली. शनिवारी निघते, सोमवारी येते, असंही म्हणाली. आज मंगळवार आहे. शनिवारपासून तिचा फोन लागत नाही. गावात लोक मला विचारत नाहीत, पण मी दुकानात गेले की बोलणं थांबतं. फौजीचा भाऊ काल रस्त्यात भेटला. मला वाटलं टोमणा मारील, पण तो म्हणाला, "काकू, माजा भाऊ तिकडंच सरहद्दीवर हाय. म्हना तर इचारून बघू का?" मला तेही नको वाटलं. तिचं नाव आणखी कुणाच्या कानावर जाऊ नये असं वाटलं.

मघाशी तिचा नवरा कामावरून आला. अंगावर सिमेंट तसंच होतं. अंगणात उभा राहून म्हणाला, "ताई, तुम्हाला आला का फोन? मी सकाळपासून लावून राहिलो." या वेळी मला त्याच्या बोलण्याचं हसू आलं नाही. इतके दिवस मी त्याच्यावर नजर ठेवून होते, तो आहे का, गेला का. तो तर माझ्याइतकाच घाबरलेला होता.

मी म्हटलं, न्हाई आला. तो जायला वळला. मी त्याला थांबवलं, आत बोलावलं, सतरंजी टाकली. तिचं पहिलं नाव मला हळूहळू म्हणून दाखव, असं त्याला सांगितलं, म्हणजे तिकडे कुणी फोन उचलला तर मला नीट विचारता येईल. दोन-तीनदा म्हटल्यावर ते माझ्या तोंडात बसलं. मग त्याने परत तिचा नंबर लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला.